प्रमिलाची समिती, माझा अहवाल

फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या बसस्थानकात अकोल्याच्या गाडीची वाट पाहत उभी होते. प्रमिलाच्या सुनेचा, वैशालीचा फोन. निघाल्या का, तिनं विचारलं. निघालेच आहे, म्हटलं. तशी "मावशी, आता दवाखान्यात नका जाऊ. सरळ गावी या," एवढंच म्हणाली. गाडी लागली, लोक चढले, मीही चढले. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मला रडूही आलं नाही. आदल्या आठवड्यात प्रमिलानं अकोल्याच्या दवाखान्यातून बोलावलं होतं, आणि पेपर तपासायचे आहेत म्हणून मी रविवारी येते म्हणाले होते. शुक्रवारीच तब्येत बिघडल्याचं कळलं म्हणून निघाले, आणि ती त्याच दिवशी गेली.

ती हिवरखेडची तायड्यांची मुलगी, मी अंजनगाव सुर्जीची नसरीन. कॉलेजसाठी दोघी अकोल्याला आलो तेव्हा जठारपेठेत खोली शोधताना गाठ पडली. आमची नावं सांगितली की खोली नुकतीच गेलेली असायची. सातव्या घरी एका म्हातारीनं नावं न विचारताच किल्ली दिली, आणि तीन वर्षं आम्ही एका स्टोव्हवर स्वयंपाक केला. "जेवली का" हे सगळेच विचारतात. प्रमिला उत्तर ऐकून थांबायची नाही, काय जेवली तेही विचारायची. समोरचा घुटमळला की तिला कळायचं. पुढं मी अमरावतीला प्राध्यापक झाले आणि ती लग्न होऊन हिवरखेडजवळच्या एका लहान गावात गेली, अंगणवाडी सेविका झाली. निवृत्त होईपर्यंत तिनं तिथल्या दोन पिढ्यांना खिचडी भरवली.

निवृत्तीनंतर तिच्या गावात अन्न समिती सुरू झाली. बाहेरच्या एका संस्थेनं आसपासच्या काही गावांत अशा समित्या काढल्या होत्या. गावात कोण काय खातं, कोणाच्या ताटात काय पोचत नाही, हे गावानंच बसून ठरवायचं अशी कल्पना. रेशन दुकानदार, मुख्याध्यापक, बचत गटाच्या बाया, भाजीवाले शेतकरी, सगळे दर मंगळवारी समाजमंदिरात एका सतरंजीवर. अध्यक्ष प्रमिला. पहिल्या काही महिन्यांतच शाळेच्या खिचडीत गावचाच पालक पडू लागला, तेव्हा तिनं मला फोनवर अर्धा तास त्या पालकाचंच सांगितलं होतं. मग मुख्याध्यापकांची बदली झाली, शेतकरी हंगामात अडकले, बचत गटात भांडणं झाली. सतरंजीवर प्रमिला उरली, आणि तिच्यासमोर म्हाताऱ्या बाया. जन्मभर निंदण-वेचणी करून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या होत्या. रेशनच्या मशीनवर त्यांचा अंगठा उमटत नसे. अशांना दुसऱ्या मार्गानं धान्य देण्याची सोय नियमात आहे, पण ती मागायला कोणीतरी सोबत लागतं. प्रमिला एकेकीला घेऊन दुकानात जायची, समितीचं पत्र पुढं ठेवायची आणि पिशवी भरेपर्यंत तिथून हलायची नाही.

तीन वर्षांनी संस्थेनं या समित्यांचं मूल्यमापन करायचं ठरवलं. ते काम माझ्याकडे आलं. प्रमिला माझी मैत्रीण आहे हे मी आधीच सांगितलं, त्यांनी हरकत घेतली नाही. मी प्रमिलाकडे चार दिवस राहिले. माझ्या तक्त्यात बैठका, हजेरी, ठराव, अंमलबजावणी असे रकाने होते. तिच्या वहीत बैठका तुटक, हजेरी दोघा-तिघांची, ठराव जवळजवळ नाहीत. बायांसोबत दुकानात जाणं कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. शेवटच्या दिवशी मी विचारलं, काय लिहू? भाकरी थापता थापता ती म्हणाली, "जे पायलं तेच लिहजो. मैत्रीण हाय म्हनून वाढवून लिहू नको."

मी तेच लिहिलं. समिती एकाच व्यक्तीवर चालते, संस्था म्हणून ती परिणामकारक आढळत नाही. त्या व्यक्तीमुळे किती बायांच्या घरी चूल पेटते हेही लिहिलं होतं, पण परिशिष्टात. परिशिष्ट कोण वाचतं... दोन महिन्यांत संस्थेनं काम थांबवलं. ते थांबल्यावर मी अहवाल तिला स्वतः नेऊन दिला. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, परिशिष्टासकट. "खरंच हाय," ती म्हणाली. "एकटीच होती मी. मंग त्यायनं आनखी चार जनी जोडाले पायजे होत्या. बंद काहून केलं?" तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

समिती गेली तसं पत्रही गेलं. कचेरीत तिला लोक विचारू लागले, तुम्ही कोणत्या नात्यानं आलात? मंगळवार मात्र तिनं सोडला नाही. बाया आता तिच्या घरच्या पुढच्या खोलीत येत. मे महिन्याच्या उन्हात ती त्यांचे अर्ज घेऊन तालुक्याला हेलपाटे घालायची. पाय सुजत होते. मूत्रपिंडाचा आजार आहे हे डॉक्टरांनी सांगूनही अकोल्याला भरती व्हायचं ती पुढं ढकलत राहिली, कारण एका कौसल्याबाईचं नावच रेशनच्या यादीतून गेलं होतं आणि ते परत चढायचं होतं. मी तिला फोनवर रागावले. समिती पुन्हा सुरू करा असं संस्थेला पत्र लिहिते, असंही दोनदा म्हणाले. लिहिलं नाही. नाव यादीत चढलं नाही, प्रमिला भरती झाली ती फार उशिरा, आणि गेली.

जलदान विधी झाल्यावर पै-पाहुणे पांगले. मी थांबले. मंगळवारी सकाळी वैशाली मला उठवायला आली, म्हणाली, बाहेर कौसल्याबाई आल्या आहेत, त्यांना काय सांगू? प्रमिला गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, त्या मातीलाही येऊन गेल्या होत्या. तरी रिकामी पिशवी घडी करून मांडीवर धरून दारापाशी बसल्या होत्या. मी त्यांच्यासोबत दुकानात गेले. दुकानदार चांगला माणूस आहे. त्यानं कार्ड लावून पाहिलं, मशीनमध्ये नावच येईना. आणखी काय करता येईल, मी विचारलं. "मॅडम, ताई होत्या तवा त्या कुठून तरी मार्ग काढत होत्या," तो खाली पाहत म्हणाला. "मले तो मार्ग मालूम नाई." मलाही माहीत नव्हता. तीन वर्षांचं काम मी चार दिवसांत तपासलं होतं, आणि ती नेमकं कोणाला भेटायची, काय बोलायची, एवढं विचारायचं राहून गेलं होतं.

आम्ही परत त्या पुढच्या खोलीत येऊन बसलो. वैशालीनं चहा केला, तिच्याच डब्यातलं थोडं पीठ पिशवीत घातलं. कौसल्याबाईंनी बशीतला चहा संपवला, पिशवी उचलली आणि उंबऱ्यात थांबून मला विचारलं, "पुढच्या मंगळवारी येऊ का बाई?"

या, म्हटलं मी. त्या गेल्यावर मी प्रमिलाची वही काढून, ती कोणाकोणाला भेटायची ते शोधू लागले. पुढच्या मंगळवारी काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.