साहेबांचा चार्ज

साहेबांची खोली दर शुक्रवारी जास्तच नीटनेटकी होत चालली होती आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं.

ते सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मी हवालदार. इथे आखातात, रास अल खैमातल्या एका कारखान्यात ते सिक्युरिटीवर होते. झोप येत नाही म्हणून गावाहून मागवलेल्या, इथे बंदी असलेल्या गोळ्यांचं व्यसन लागलं आणि पकडले गेले. कोर्टाने तुरुंगाऐवजी उपचार दिले. उपचार केंद्राला त्यांच्या सोबतीला माजी सैनिक हवा होता. अल मनखूलमधला जेवणाच्या डब्यांचा धंदा बायकोवर सोपवून मी दर शुक्रवारी तिकडे गाडी हाणायचो.

सोबत कसली, डोंबल! मी विचारायचो, "साहेब, कसं काय?" ते ताठ बसून म्हणायचे, "सब ठीक." हवालदाराने सुभेदाराला खोदून विचारायचं नसतं, ही सवय पेन्शन लागली तरी सुटत नाही. मग आम्ही मुकाट चहा प्यायचो आणि मी चरफडत परत यायचो.

तिथली समुपदेशक मुलगी पुण्याची. ती मात्र खूश होती. "काका, ही इज डूइंग सो वेल! रूम बघा ना, किती क्लीन. इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात केस खलास."

त्या शुक्रवारी आत गेलो आणि दारातच थबकलो. गादी गुंडाळलेली. चादरीवर सगळं सामान ओळीत मांडलेलं: घडीचे कपडे, पॉलिश केलेले बूट, मग, दाढीचं सामान. पलटण कायमची सोडताना जवान आपलं सामान असंच मांडून परत करतो. किंवा तो वारला, की त्याच्यामागे आम्ही मांडतो. सुटायला अजून महिना होता.

"साहेब, निघालात कुठे?"

"सब ठीक."

"काय ठीक? मला दिसत नाही का?" सुभेदाराशी मी आयुष्यात असा बोललो नव्हतो. भीती आणि राग, दोन्ही एकदम आले होते.

त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्यापुढे धरलं. "चार्ज घे, हवालदार. थकलो मी."

पहाऱ्यावरचा माणूस दुसऱ्याने चार्ज घेतल्याशिवाय जागा सोडत नाही. मी दोन्ही हात पाठीमागे नेले. "घेत नाही, साहेब."

ते हात पुढे करून तसेच उभे राहिले. तिथून न हलता मी त्या समुपदेशक मुलीला हाक मारली आणि सांगितलं, यांना क्षणभरही एकटं सोडू नका.

आता केस संपली आहे. साहेब आमच्याकडेच राहतात, सकाळी डबे भरू लागतात. एखाद्या दिवशी झाकण लावता लावता विचारतात, "चार्ज घेतोस का रे?" थट्टेने विचारतात की खरंच, ते मला अजून कळत नाही. मी मात्र थट्टेतही हो म्हणत नाही.