पाणी पाजायचं राहिलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आत्ताही लिहिताना कान आतल्या खोलीकडे आहेत. आई तिथे दुपारची झोपली आहे.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्याचा अभिमान तेव्हाही होता, आजही आहे — खोटं कशाला बोलू? कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सुट्टीला सटाण्याजवळ गावी गेलो, तर आमची गाय भिंत चाटत होती. मी आईला शिकवू लागलो. अंगातलं मीठ घटलं की संप्रेरकं मेंदूला मिठाची ओढ लावतात, जनावर हवं तेवढंच खातं, वगैरे.

"मास्तर, गायनी बी परीक्षा लेस का?" आई हसली. पण ऐकलं तिने. कोंड्यात मी ओंजळीने मीठ टाकलं.

मग आई मावशीकडे मुक्कामाला गेली. जाताना एवढंच म्हणाली — गायीला पाणी पाज.

आणि मी? मित्राच्या मोटरसायकलवर बसून पिंपळगावला गेलो, दोन दिवस तिथेच राहिलो. दावणीला बांधलेली गाय, पोटात एवढं मीठ. मेंदू मीठ मागतो तसा पाणीही मागतो — धडा तर तोच होता. परीक्षेत लिहिलाही होता. मग आठवलं कसं नाही?

परतलो तेव्हा ती भिंतीला कपाळ रेटून उभी होती. डोळे उघडे, पण दिसत नव्हतं. मी घाबरलो, बादलीवर बादली पाजली — तेही घातकच, हे पुढे कळलं. ती कोसळली. पाय झाडत राहिली.

आई आली ती थेट गोठ्यातच. खाली बसली. "वैरणमा कोवळी ज्वारी गयी का रे? जाताना मीच टाकेल व्हती."

"नाही" असं मी म्हणू शकलो असतो. म्हणालो, "हो. विषच असतं त्यात." वर त्या विषाचं नावही सांगितलं.

"तू शिकेल शे, तुले समजस," ती म्हणाली. त्यानंतर तिने कुणाच्याही जनावराला वैरण टाकली नाही.

आता आम्ही शहरात, गंगापूर रोडला राहतो. मुलगी यंदा तोच धडा शिकते आहे. रोज जेवताना मला भीती वाटते — ही आजीला काय विचारेल? काल विचारलंच, आजी, तुमच्याकडे गाय होती?

"व्हती. मन्हा हातथीन मरनी."

मी शेजारीच होतो. भाजी वाढून घेतली.