आखूड करंगळीचा ठसा

मी माणसं विसरते, अपमान विसरत नाही. आई म्हणायची, "हिच्या पोटात मिठागर हाय. काय पन टाका, खारवून ठेवते." तेव्हा आमच्या सुपरवायझरची ही गोष्ट मी थंड डोक्याने सांगेन, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पनवेलला लाइन आळीत, भांड्यांच्या एका दुकानाच्या वर, अमेरिकेतल्या डॉक्टरांची बिलं तयार करणारं ऑफिस निघालं. मालक आठवड्यातून एकदा मुंबईहून यायचे. बाकी आम्ही आठ मुली आणि तो. तिकडच्या डॉक्टरांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक उपचाराला ठरलेला आकडा द्यायचा, असं ते काम. आकड्याच्या मागे दोन अक्षरांचं किंवा अंकांचं शेपूट लावायचं. त्याला मॉडिफायर म्हणायचे. आकडा सांगतो काय केलं. शेपूट सांगतं कुठे केलं, कसं केलं, कितव्यांदा केलं. एकाच डॉक्टरने एकाच दिवशी तोच एक्स-रे दुसऱ्यांदा काढला तर दुसऱ्याच्या मागे शहात्तर लावायचं. विसरलात, तर विमा कंपनीला वाटतं एकच बिल दोनदा आलं, आणि बिल परत.

सुपरवायझर हे जाड इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवायचा आणि पुस्तक पुन्हा कपाटात कुलूपबंद करायचा. कोणाच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. माझ्या शिरलं, कारण माझी आई उरण नाक्यावर मासळी विकायची. बोंबील तोच, पण "आजचा" म्हटलं की गिऱ्हाईक एक तोंड करतं आणि "बर्फातला" म्हटलं की दुसरं. मागच्या शब्दाने माल बदलत नाही, त्याची हकिकत बदलते. एवढं कळलं आणि मी एक वही केली. प्रत्येक शेपटाला आमच्या रोडपाली गावातलं उदाहरण. दोन्ही बाजूंच्या ऑपरेशनला पन्नास, म्हणजे दोन्ही कान एकदम टोचले. दुपारच्या डब्यानंतर मुली माझ्याभोवती जमायच्या आणि आम्ही हसत हसत शिकायचो.

बोटांचं प्रकरण सगळ्यात किचकट होतं. दहा बोटांना दहा शेपटं. डावा अंगठा एफ-ए, मग डाव्या हाताची बोटं एफ-वनपासून एफ-फोरपर्यंत. उजवा अंगठा एफ-फाइव्ह आणि उजवी करंगळी एफ-नाइन. आमच्याकडे लग्नात भिंतीवर हळदीचे हात उठवतात. मी ऑफिसचं शिक्क्याचं पॅड घेतलं, दोन्ही तळव्यांना शाई लावली आणि वहीच्या जोडपानावर हात उठवले. वर एक अक्षर लिहिलं नाही. लिहायचं कशाला? आपला हात ठशावर ठेवायचा, अंगठ्यापासून मोजायचं, आधी डावा. मुलींनाही मी तेच शिकवलं. डाव्या ठशातली करंगळी आखूड उठली होती. लहानपणी मासळी कापताना विळीवर तिचं टोक गेलं होतं.

नवीन मुली घेणार, त्यांना शिकवायला आमच्यातली एक सीनियर करणार, असं मालकांनी सांगितलं होतं. सुपरवायझर मला म्हणाला, "तुझंच नाव देतो. वही दे, सरांना दाखवतो." मी दिली. मूर्ख होते.

पुढच्या आठवड्यात मालकांसमोर त्याने झेरॉक्स मांडल्या. उदाहरणं त्याने बदलून शहरी केली होती. माझ्या हातांच्या ठशांचा त्याच मापात तक्ता केला होता आणि प्रत्येक बोटावर सुबक अक्षरात शेपूट लिहिलं होतं. मालक खूश. "तुम्ही केलंत?" तो म्हणाला, "हो सर, तीन रविवार घालवले." मग माझा विषय निघाला. मी दारातच उभी होते, तरी तो म्हणाला, "काम ठीक आहे हो तिचं. पण बोलताना हाय-नाय करते. नवीन मुलींसमोर कशी उभी करायची?" मालक हसले. ते हसू मला अजून ऐकू येतं. शिकवण्याचं काम त्याने स्वतःकडे घेतलं, वर त्याला काचेची केबिन मिळाली.

तक्ता भिंतीवर लागला आणि मला पहिल्याच नजरेत दिसलं. शहाण्याने हात उलटे धरले होते. पेशंट आपल्यासमोर तळवे दाखवत बसला आहे असं समजून, माझ्या डाव्या हाताला त्याने उजवा ठरवलं होतं आणि उजव्याला डावा. डावा-उजवा असं तक्त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मुली आपल्या सवयीने स्वतःचा हात तक्त्यावर ठेवणार आणि डाव्या बोटाला उजव्याचं शेपूट लावणार, हे मला कळलं. मी गप्प बसले. मला सगळं तोंडपाठ होतं, माझी बिलं बरोबर जात राहिली. करावे तसे भरावे, म्हटलं. किती गोड वाटत होतं ते!

महिनाभराने परत आलेल्या बिलांचा गठ्ठा घेऊन मालक आले. डॉक्टर लिहितो डावी करंगळी, बिल म्हणतं उजवी. सगळ्यात जास्त चुका माझ्या शेजारच्या मुलीच्या निघाल्या. ती कळंबोलीची होती, वडील ट्रकवर. बोटांच्या केसेस तिच्याकडेच असायच्या. बिलं परत यायला लागल्यापासून सुपरवायझर तिला सगळ्यांदेखत झापत होता आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडत होती. मी ते पाहत होते. मालक म्हणाले, "हिला आजच काढा."

ती उभी राहिली. तक्त्याकडे बोट करून म्हणाली, "सर, मी ह्याच्यावरूनच करते." मालकांनी तक्ता काढून टेबलावर ठेवला आणि सुपरवायझरकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "सर, खरं सांगायचं तर हे मूळ हिचं आहे. हिच्या वहीतून घेतलंय." आणि त्याने माझ्याकडे हात केला.

याचीच मी वाट पाहत होते. पुढे झाले. डावा हात तक्त्यावर ठेवला. बोटाला बोट बसलं, आखूड करंगळीला आखूड करंगळी.

"वही माझीच हाय, सर," मी म्हटलं. मुद्दाम हाय म्हटलं. "हा माझा डावा हात हाय. ह्या करंगळीवर एफ-नाइन कोनी लिवलं, ते अक्षर बघा."

मालकांनी अक्षर पाहिलं, मग माझी करंगळी पाहिली. तीन रविवार घालवणारा खाली मान घालून उभा होता. दुसऱ्या दिवसापासून केबिन रिकामी झाली आणि नवीन मुली माझ्या हाताखाली आल्या. त्याचा पडलेला चेहरा मी पुढे कित्येक दिवस जेवताना आठवायचे. जेवण गोड लागायचं.

कळंबोलीच्या मुलीची नोकरी वाचली. आठवड्याने डबा उघडता उघडता तिने मला विचारलं, "तक्ता लागला त्या दिवशीच तुला कळलं होतं ना?"

मी खोटं बोलू शकले असते. "हो," म्हटलं.

तिने डब्याचं झाकण परत लावलं, तो उचलला आणि खिडकीपाशी जाऊन बसली. ती त्या ऑफिसात आणखी दोन वर्षं होती. काही अडलं तर मला मॅडम म्हणून विचारायची. डबा मात्र माझ्याबरोबर तिने पुन्हा खाल्ला नाही.