साक्षगंधाआधीच्या सुया

माझ्या लेकीने माझा चेहरा आधी फोनमध्ये बदलला आणि मग सुयांनी. फोनमधला बदल मला दिसला तो ऑफिसात, डबा खाताना. पुण्याच्या ज्या मुलाशी तिचं जमत आलं होतं, त्याच्या घरी तिने आमचा सगळ्यांचा फोटो पाठवला होता आणि तोच आमच्या ग्रुपवरही टाकला होता. त्यात नवरा नवऱ्यासारखा होता, सासूबाई सासूबाईंसारख्या होत्या, आणि माझ्या साडीत कोणीतरी भलतीच बाई उभी होती. कपाळ इस्त्री केल्यासारखं, डोळ्यांच्या कडा कोऱ्या, गाल भरलेले. ती हसत होती आणि हसताना तिच्या तोंडावर कुठेच काही हलत नव्हतं. मी डबा झाकून ठेवला.

माझा खरा चेहरा नागपूरच्या कळमन्यात तयार झालेला आहे. तिथल्या धान्य बाजारात एका अडत्याकडे मी लग्नानंतर लागले ती आजही आहे. चण्याचा, तुरीचा हंगाम आला की खुर्चीत बसायची सोय नसते. एका ढिगावरून दुसऱ्या ढिगावर लिलाव सरकतो, त्याच्यामागे आपण चालायचं, बोली ऐकायची आणि सुटलेला भाव टिपायचा. आवक वाढली की ढीग शेडच्या बाहेर, उन्हातच. कागदावर ऊन पडतं, डोळे बारीक केल्याशिवाय अक्षर दिसत नाही. वर भुसा उडत असतो तो वेगळाच. डोळ्यांच्या कडेच्या रेषा तिथल्या आहेत, कपाळावरच्या आठ्याही तिथल्याच. त्या नोकरीवर ही पोरगी पुण्यात शिकली आणि तिथेच नोकरीला लागली. मी त्या रेषांचा कधी विचार केला नव्हता, कारण मला कोणी विचारलं नव्हतं.

मी तिला फोन केला. म्हटलं, "खरा फोटो पाठवून दे त्याईले."

"आता कसा पाठवू? त्यांनी तुला त्याच फोटोत पाहिलंय."

हे खरं होतं. बोलणी करायला माझा नवरा आणि दीर पुण्याला गेले होते, मला हंगामात सुट्टी मिळाली नव्हती. आणि मुलाच्या आईचा व्हिडिओ कॉल आला की ही सांगायची, आई ऑफिसात आहे. मी स्वयंपाकघरात असले तरी ऑफिसातच असायची.

"मले काहून लाज वाटावी माह्या तोंडाची?" मी विचारलं.

"तुला नाही गं. मला वाटते." हे ती इतक्या सहज बोलली की तिचं तिलाही कळलं नसावं. पुण्याला गेल्यापासून तिच्या बोलण्यातलं मले-तुले गेलं होतं, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी मात्र तिची ती स्वच्छ भाषा माझ्या डोक्यात गेली.

तरी मी तयार झाले. रागात झाले. तुला लाज वाटते ना, मग घे, टोच कुठे टोचायचं ते. आणि खोटं कशाला बोलू, रागाच्या खाली थोडी हौसही होती. रात्री आरशासमोर मी दोन बोटांनी गाल कानाकडे ओढून पाहिला होता.

आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. त्याच्या चार दिवस आधी लेक आली आणि दुसऱ्याच दिवशी मला पश्चिम नागपुरातल्या एका क्लिनिकमध्ये घेऊन गेली. घरी सांगितलं, ब्लाउज आणायला चाललो. डॉक्टर लेकीच्याच वयाची होती. तिने नीट समजावलं. हे गाल फुगवायचं औषध नाही, म्हणाली, कातडीच्या आत पाणी धरून ठेवणारं जेल आहे. कोरडी पडलेली कातडी आतून भरते, बारीक रेषा मऊ होतात. टोचल्यावर जागोजागी फुगवटे येतात, एक-दोन दिवसांत ते बसतात. "पण काकू, कार्यक्रम असेल तर दोन आठवडे आधी करायचं असतं. कधी आहे?"

मी तोंड उघडायच्या आत लेक म्हणाली, "एक-दोन दिवसांत बसतात ना? मग झालं."

डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिली. मी मान हलवली. चेहरा बधीर करायचं मलम लावून त्यांनी मला बसवून ठेवलं आणि मग सुया सुरू झाल्या, गालांवर, डोळ्यांच्या बाजूला, कपाळावर. बधीर झालेल्या तोंडालाही सुई कळते, दुखत नाही एवढंच. निघताना डॉक्टरने बजावलं, चेहरा दाबायचा नाही, चोळायचा नाही, आज उन्हात जायचं नाही.

ती नागपुरात प्रॅक्टिस करते, पण बहुतेक गाडी एसीची असावी. आम्ही बाहेर आलो तेव्हा भर दुपार होती आणि चैत्राचं ऊन होतं. लेकीने आमची स्कूटर काढली, मी पर्समधून सुती दुपट्टा काढला आणि डोळे तेवढे ठेवून अख्ख्या तोंडाला गच्च आवळून बांधला. इथली कुठलीही बाई दुचाकीवर बसली की हेच करते, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. लेकीनेही तिचा बांधला. बधीर तोंडाला आवळलेलं कळेना. सक्करदऱ्याच्या आमच्या घरापर्यंत सगळे सिग्नल लाल मिळाले. घरी येऊन दुपट्टा सोडला तेव्हा तो घामाने भिजला होता आणि खाली चेहरा तापून लाल झाला होता.

रात्रभर खाजलं. सकाळी उठले तर फुगवटे बसायच्या ऐवजी मोठे झालेले, प्रत्येकाच्या टोकाला लालसर ठिपका. लेकीने गच्चीवर जाऊन क्लिनिकला फोन केला. तिकडून सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, गार पाण्याच्या घड्या ठेवा, आणखी तीन-चार दिवस लागतील. हे ती मला सांगत असतानाच मागून सासूबाई आल्या. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि लगेच हात मागे घेतला.

"अवं माय! माता निघाली वं तुले."

कांजिण्यांना आमच्या घरात रोग म्हणत नाहीत. देवी अंगावर आली म्हणतात. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि मला हात जोडले. इतक्या वर्षांच्या संसारात त्या बाईने मला कधी बरं म्हटलं नव्हतं, आणि आज त्या माझ्या गालातल्या जेलला नमस्कार करत होत्या. मला हसू यायला हवं होतं. पुढच्या अर्ध्या तासात दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, घरात देवी असताना फोडणी देत नाहीत म्हणून गॅसवरची फोडणी उतरवली गेली आणि मागच्या खोलीत माझी गादी पडली.

नवरा दारात उभा राहून विचारू लागला, "आता काय करावं माय? परवा साक्षगंध आहे. हॉल घेऊन ठेवला. ते लोक आज रातच्या गाडीत बसून राहिले."

सासूबाई म्हणाल्या, "पोरीले आजच काकूच्या घरी पाठवा. तिथूनच कार्य करा. हिले मी सांभाळतो. माता असलेल्या बाईनं शुभकार्यात जाऊ नये."

मी लेकीकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. आजी, हे इंजेक्शनमुळे झालंय. घरात थोडी बोंबाबोंब झाली असती, नवरा चिडला असता, सासूबाई चार दिवस बोलल्या नसत्या, आणि मी माझं सुजलेलं तोंड घेऊन लेकीच्या साक्षगंधाला उभी राहिले असते. लेकीने माझ्या तोंडावरून नजर फिरवली. पूर्ण चेहरा पाहिला तिने, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"आजी बरोबर म्हणतेय," ती म्हणाली. "तिकडे लहान मुलं येणार आहेत. कोणाला लागण झाली तर?"

हे सुयांचेच फुगवटे आहेत हे तिने नुकतंच फोनवर विचारून घेतलं होतं आणि तरी ती म्हणाली, लागण झाली तर. मग आम्ही दोघीच उरलो तेव्हा गादीशी बसून रडायला लागली. "आई, अशी आलीस तर सगळे विचारतील. त्यांना कळलं की तू फोटोसाठी हे केलंस, तर माझी काय किंमत राहील? लग्नात तू छान दिसशील ना. हे नुसतं साक्षगंधच आहे." मला फाडकन बोलायचं होतं. पण तिच्या सासरची माणसं पुण्याहून निघायच्या बेतात आणि मी पोरीला पहिल्याच दिवशी खोटी पाडायची, हे मला जमेना. माझी तीच अडचण आहे. तिला ती माहीत आहे, म्हणूनच ती रडली.

साक्षगंधासाठी मी करवतकाठी टसर साडी घेतली होती. ती घडीतच राहिली. त्या दिवशी सकाळी नवरा कोऱ्या सदऱ्यात दारात आला, लांबूनच म्हणाला, "जातो वं," आणि गेला. घरात मी आणि सासूबाई. त्यांची पहिली नात होती ती. तिच्या साक्षगंधासाठी त्यांनीही नवीन चष्मा करून घेतला होता, हॉलमध्ये सगळं नीट दिसावं म्हणून. तो लावून त्या माझ्या उशाशी बसल्या आणि कडुलिंबाच्या डहाळीने दिवसभर मला वारा घालत राहिल्या. मधून मधून पुटपुटायच्या, माय, माह्या सुनेले सुखी ठेव, जशी आली तशी शांत होऊन जाय. मी डोळे मिटून घेतले होते. एका जाहिरातबाज औषधासमोर म्हातारी देवाला साकडं घालत होती आणि मी ते ऐकून घेत होते. इतका संताप मला कधी आला नव्हता, आणि काढायला समोर कोणी नव्हतं.

दुपारी दिराने फोनवर कार्यक्रम दाखवला. माझ्या जागी जाऊ बसली होती. मुलाच्या आईने तिला कुंकू लावलं, दोघींनी एकमेकींना मिठी मारली. आमच्याकडे ईनबाईंची, म्हणजे विहिणींची, भेट म्हणतात ती हीच. ती बाई मला स्पष्ट दिसली. चांगली ठसठशीत, जाड, डोळ्यांखाली काळं, हसली की सगळा चेहरा सुरकुत्यांनी भरून जाणारी. माझ्याहून जास्तच असतील. ती खळखळून हसत होती आणि माझी लेक तिच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी होती. मी फोन पालथा ठेवला.

चार दिवसांनी फुगवटे बसले. सासूबाईंनी मातेला दहीभाताचा नैवेद्य दाखवून निरोप दिला. महिन्याभरात चेहरा खरोखर सुधारला, औषध खोटं नव्हतं. ऑफिसातली एक बाई मागेच लागली, "काय लावून राहिली वं तोंडाले?" मी म्हटलं, कडुलिंब. ती बिचारी आठवडाभर पाला वाटून लावत होती.

मग दोन्ही घरांच्या नव्या ग्रुपवर लेकीने पुण्याहून फोटो टाकले. संध्याकाळी मी भाजी चिरत होते, फोन ओट्यावर वाजत राहिला. स्टेजवरचे, जेवणाचे, अंगठ्यांचे. शेवटच्या फोटोत सगळं कुटुंब उभं होतं. मधे लेक आणि जावई, त्यांच्या बाजूला मुलाचे आईवडील, इकडे माझा नवरा, आणि त्याला लागून मी. गुळगुळीत कपाळाची, भरल्या गालांची मी. सुया टोचून जो चेहरा आणला तोही तिने घेतला नव्हता. पहिल्याच फोटोतली ती बाई कापून आणून तिथे उभी केली होती. खाली लिहिलं होतं, "आई, आता तू पण आहेस!" मुलाच्या आईने बदाम टाकला होता.

सासूबाईंनी फोन मागितला. नवीन चष्मा लावला, स्क्रीन नाकाशी नेली आणि बराच वेळ पाहिलं.

"हे तू होय? तू त माह्याजवळ होती."

"हो. तुमच्याजवळच होती. पोरीनं मागून टाकलं मले."

"असं टाकता येते?"

"येते."

त्यांनी पुन्हा फोटोवरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकेका माणसावर थांबत. मग फोन माझ्याकडे दिला.

"त मले काहून नाही टाकलं वं?"

कढई तापली होती, त्यात तेल ओतलं आणि भाजी फोडणीला टाकली.