ताईची क्लोरोफॉर्मची कृती

ताईच्या शेजारणीचा, जिग्नाबेनचा, सकाळी फोन आला. "दीदी उठ नहीं रही हैं, आप जल्दी आ जाओ." काशीगावातल्या माझ्या घरून रिक्षाने तिच्या घरी बेव्हर्ली पार्कला पोहोचेपर्यंत मला कळून चुकलं होतं. ताई झोपेतच गेली. आणि तिला आयुष्यभर भीती होती ती याचीच... झोपायचं आणि उठायचंच नाही.

माझी ही मोठी बहीण भाईंदरच्या एका ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. क्लोरोफॉर्म हा तिचा हातखंडा विषय. रंग नाही, वास गोडसर, पाण्याहून जड, उजेडात राहिलं की विषारी होणारं. सिनेमात नाकाला रुमाल लावताच कोणी कोसळलं की ती टीव्हीवरच चिडायची. "इतक्या पटकन कोण बेशुद्ध होतं? आणि डोस जरा जास्त झाला तर माणूस उठतच नाही, ते कोण दाखवणार?" हेच तिच्या मनात घर करून बसलं होतं. त्यामुळे पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती हटूनच बसली. भूल देणारे डॉक्टर हसत म्हणाले, "मॅडम, आता क्लोरोफॉर्म कोणी वापरत नाही."

"मला माहितीये," ताई म्हणाली. "माझ्या भीतीला कुठे माहितीये?"

शेवटी तिने अट घातली. शुद्धीवर आल्याबरोबर मी तिला क्लोरोफॉर्म कसं बनवतात ते विचारायचं. नीट सांगितलं तर डोकं शाबूत. आता मी पडले कॉमर्सवाली, तपासणार कशी? म्हणून तिने आधी मलाच घोकायला लावलं. ऑपरेशन चालू असताना मी बाहेर बाकावर बसून पुटपुटत होते, तेव्हा शेजारच्या कोळीण आजींनी विचारलं, "कंचा मंतर हाय गो बाय?"

दुपारी ताईने डोळे उघडले. मी विचारलं. जड जिभेने ती सांगू लागली... ब्लीचिंग पावडर पाण्यात घोट, गाळ, अ‍ॅसिटोन घाल, सावकाश तापव, वाफ थंड करून पाण्याखाली गोळा कर. मग तिचे डोळे मिटू लागले. शेवटची पायरी राहिलीच होती.

"आणि?" मी म्हटलं.

"आणि धू की, बाई. घाण तशीच ठेवणार आहेस?"

त्यानंतर काही वर्षं ती ठणठणीत जगली, हे माझं भाग्य.

आता तिला जाऊन महिना झाला. ते सगळं मला अजून पाठ आहे, भाजी निवडताना ओठ आपोआप हलतात. परवा पुटपुटताना मी धुवायची पायरी मुद्दाम सोडली आणि जरा थांबले... कोणी ओरडलं नाही. मेथीची जुडी तशीच मांडीवर ठेवून मी खूप रडले.