दुसऱ्याच्या हातातला भाता

अभंग अर्ध्यावर असताना पेटीचा सूर बसला, कारण माझा डावा हात भात्यावरून गळून पडला. खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काही दिसेना. ऑपरेशनला दोनच महिने झाले होते. पेटीला हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते मी ऐकलं नव्हतं. भजनी मंडळातल्या बायांचे टाळ थांबले.

माझी धाकटी जाऊ लीला समोर येऊन बसली. "ताई, भाता मी मारते. तुम्ही नुसती बोटं चालवा."

"हळू मार. विहिरीचं पाणी ओढत नाहीयेस."

"डॉक्टरांनी तोंडालाही दोन टाके घालायला हवे होते," ती म्हणाली. बाया हसल्या.

तीस वर्षं पेटी वाजवते, पण नजर कायम पट्ट्यांवर. भाता मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. चार बोटं उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. त्याला कुणी वाहवा म्हणत नाही. घरी मी भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम करते, तोही असाच. एखाद्या दिवशी अर्धं बोट वर, दुसऱ्या दिवशी तेवढंच खाली. वीट येतो. भाता दुसऱ्याच्या हातात देता येतो, व्यायाम देता येत नाही.

अभंग संपला तेव्हा लीला घामाघूम झाली होती. "आता कळलं तुमचा खांदा का गेला," ती म्हणाली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, मीही केलं.

भाता तिने मारला. दुखणं मी काढतेय.