लोखंडाने खाल्लेली ऊब

चिर्स्टी मॅकफी ही आमच्या बेटावरची पहिली बाई, जिच्या हातात व्हिस्कीच्या कारखान्यातला मोठा हौद आला. आला म्हणजे तसा अर्धवटच. हौद सांभाळणारा म्हातारा हेक्टर निवृत्त झाला तेव्हा कारखान्याचे व्यवस्थापक ल्युंडीसाहेब यांनी तिला बजावलं होतं, "हंगामाचा पहिला घाणा नीट निघाला तर जागा तुझी. बिघडला तर ग्लासगोहून माणूस येईल."

दुसरं काम नव्हतं का? होतं की, मासळी साफ करायचं. वर्षानुवर्षं बर्फात हात घालून तिची बोटं अशी आखडली होती, की कोटाची गुंडी लावायला आईला हाक मारावी लागे. ते परत करणं नाही. मग उरलं बेट सोडणं. आणि तिची आई केटी, जी दात ठणकला तरी डॉक्टरसाठी बोटीत बसत नाही, ती ग्लासगोसारख्या शहरात काय जगणार?

हौदाचं काम सांगायला सोपं. भरडलेला मोडाचा जव आणि गरम पाणी एकत्र कालवायचं. ते चौसष्ट अंशांवर आलं की जवातल्या पिठाची साखर होते. ते गोड पाणी आंबलं की पुढे माझ्या भट्टीवर येतं. पण कालवण फार तापलं तर जवातला साखर करायचा गुण मरतो, आणि मेलेला काही परत येत नाही. म्हणून आधी गणित: पाणी किती तापवायचं, त्यातली किती ऊब थंड जव ओढून घेणार. चिर्स्टीला या गणिताचं भारी वेड. घरी आंघोळीच्या पाण्यात विसण घालतानाही पुटपुटत हिशेब करायची. केटी करवादायची, "अगं, बोट बुडवून बघ की! पाणी गार व्हायचं तुझ्या हिशेबात."

उन्हाळाभर कारखाना बंद होता. सुरू झाला त्या सकाळी रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे हौदाभोवती जमलो. चिर्स्टीनं नळाचं चाक फिरवलं, पाणी आलं, जव आला, आतले दांडे घरघरत फिरायला लागले. तापमापकाचा काटा चढला आणि साठावर थांबला. ढिम्म हलेना.

"साठ?" तिचा चेहरा पांढराफटक पडला. "लॉखी, गणित बरोबर आहे रे. परत परत तपासलंय."

मी हौदाच्या अंगाला हात लावला आणि माझं डोकंच फिरलं. "लोखंड, बाई, लोखंड! तीन टन लोखंड उन्हाळाभर गारठून पडलंय. त्याने पाण्यातली ऊब न खाता काय उपास करायचा? घरी किटली उकळत्या पाण्याने विसळून गरम केल्याशिवाय चहाची पत्ती टाकतेस का तू?"

चूक तिची एकटीची नव्हती. ती काम शिकली ऐन हंगामात. तेव्हा एक घाणा निघाला की लगेच दुसरा, हौद कधी निवतच नाही, त्याला कोण हिशेबात धरतो? पहिल्या घाण्याआधी हेक्टर त्यात कढत पाणी भरून ठेवायचा, पण सांगायचं मात्र त्याला सुचलं नाही. मला तरी कुठे सुचलं!

"उकळतं पाणी सोडा मग!" ल्युंडीसाहेब ओरडले. मी चाकाकडे धावलो.

"हात लावशील तर बघ, म्हाताऱ्या!"

चिर्स्टीचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिचं बरोबरच होतं. उकळतं पाणी नीट कालवलं जाईपर्यंत काटा मागेच राहतो. त्याच्यावर विसंबून ओतत गेलो असतो तर सगळा घाणा मेला असता. तिनं खडू घेतला आणि हौदावरच गणित मांडलं. पाण्याचं, जवाचं, आणि आता लोखंडाचंही. लोखंड किलोमागे पाण्याच्या नवव्या हिश्शाएवढीच ऊब खातं, पण ते तीन टन! एवढं सगळं मिळून चार अंश चढवायचं. आखडलेल्या बोटांमुळे तिनं खडू मुठीतच धरला होता. साहेब घड्याळ बघत होते, त्यांना एक द्यावीशी वाटली मला.

"सहाशे लिटर," ती म्हणाली. "वर थेंब नको."

मी तेवढंच सोडलं. एकसष्ट. बासष्ट. दांडे फिरत राहिले. त्रेसष्ट. मग काटा रेंगाळला, आणि माझा जीव टांगणीला. शेवटी चौसष्टाला टेकला आणि तिथेच राहिला.

तरी पिठाची साखर झाली का, हे बघायचं उरलंच होतं. बराच वेळ थांबून चिर्स्टीनं पांढऱ्या बशीत ते पाणी घेतलं आणि आयोडीनचा थेंब टाकला. पीठ उरलं असेल तर काळंनिळं होतं. आम्ही सगळे बशीवर वाकलो. थेंब पिवळाच राहिला.

"साखर!" मी बोंबललो. साहेबांनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाले, "पुढचा घाणा कधी लावतेस?"

मटकन खाली बसून ती रडायला लागली, मग हसायला. मीही डोळे पुसले, लपवू कशाला? मग तिनं माझाच फोन मागून घरी लावला.

"आई, मी गं. नाही, रडत नाहीये. ऐक तर! आपण कुठेही जायचं नाहीये."